शुश्रूषागृहांची तपासणी : दिवसाची आणि रात्रीची

(शुश्रूषागृहे व वृद्धाश्रम यांचे चालक, परिचारिका आणि सेवकवर्ग यांच्यासाठी म्हापसे येथे भरलेल्या उद्बोधन वर्गात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या वर्गात बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन मी कला शाखेची पदवी मिळविली आणि गेली वीस वर्षे शासनाच्या प्रसिद्धीचे काम करीत आहे. कोणत्या खात्याने कोणती योजना हाती घेतली, कोणत्या तारखेला कोठे तपासणी झाली आणि तीत काय आढळले, हे सुबोध मराठीत लिहून वृत्तपत्रांकडे पाठविणे हा माझा नित्याचा उद्योग. ज्यांनी उभे आयुष्य रुग्णसेवेत घालविले त्यांना मी शुश्रूषेविषयी चार शब्द सांगावेत, हे काशीकरांना गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तरीही मी आलो, याचे कारण माझ्या घरात घडलेली एक गोष्ट. ती आपल्यापुढे ठेवल्यावाचून पुढचे काही बोलण्याचा मला अधिकार नाही असे मी मानतो.

एक घरगुती अनुभव

दोन वर्षांपूर्वी आषाढ महिन्यात माझी आई अंगणातील शेवाळावरून घसरून पडली आणि तिच्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. तिचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. परंतु मागाहून छातीचा विकार उद्भवल्याने तिला लवकर उठवून उभी करता येईना. घरात मी आणि माझी पत्नी, दोघेही नोकरी करणारे. अखेर तिला काही आठवडे एका शुश्रूषागृहात ठेवावे असे ठरले.

शुश्रूषागृह स्वच्छ होते. दर्शनी भागी नोंदणीचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते. फरशीला फिनेलचा वास येत होता, खाटांवरील चादरी पांढऱ्या स्वच्छ होत्या आणि परिचारिका आदबीने बोलत होत्या. आई तेथे दाखल होण्याच्या महिनाभर आधी आरोग्याधिकाऱ्यांची तपासणी तेथे होऊन गेली होती. ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती, कारण त्या तपासणीचे प्रसिद्धिपत्रक माझ्याच हातचे होते. ‘सर्व बाबी समाधानकारक आढळल्या’ हे वाक्य मीच लिहिले होते.

रोज सायंकाळी पाच वाजता मी घरून पेज घेऊन जात असे. आईशी तासभर बोलत बसे आणि निघताना तिच्या पायावरचे पांघरूण सारखे करून परत येई. पांघरूण सारखे करी, ते उचलून मात्र कधी पाहिले नाही. मुलाने आईच्या अंगावरचे वस्त्र बाजूला सारून पाहू नये, हा आपल्याकडचा संकोच मला आड येत होता. पाचव्या आठवड्यात बेळगावला दिलेली माझी थोरली बहीण आईला भेटायला आली. खाटेपाशी क्षणभर उभी राहून तिने विचारले, “अरे, आईच्या अंगाला हा वास कसला येतोय?” आणि उत्तराची वाट न पाहता तिने आईला कुशीवर वळविले. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, हाताचा तळवा मावेल एवढी जखम होती.

मी संतापाने नोंदवही मागितली. वहीत सर्व काही ठाकठीक होते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलल्याची नोंद होती. रात्री १२ वाजता डावी, २ वाजता उजवी, ४ वाजता पाठ. पाच आठवड्यांच्या त्या नोंदींत एकही खाडाखोड नव्हती. रात्रपाळीची परिचारिका तेथेच उभी होती. वय असेल तेविसाच्या आसपास. मी तिला बोललो, ते पुष्कळच कठोर बोललो. तिने ते ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “साहेब, वहीत लिहिलंय ते मीच लिहिलंय. पण आजींची कूस बदलायला दोघी लागतात, आणि रात्री बावीस पेशंटांना मी एकटीच असते.”

मित्रहो, या उत्तराने माझा राग मावळला असे मी म्हणणार नाही. परंतु तो त्या मुलीवरून निघून दुसरीकडे वळला, आणि वळता वळता माझ्यापाशीही येऊन ठेपला. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यांनी वही पाहिली होती. मी त्यांचा अहवाल पाहिला होता. जनतेने माझे प्रसिद्धिपत्रक वाचले होते. रात्री दोन वाजता त्या खोलीत किती माणसे असतात, एवढा एकच प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. आजच्या माझ्या भाषणाचा सारांश विचाराल तर तो एवढाच आहे. तपासणी दिवसा होते आणि शुश्रूषेची कसोटी रात्री लागते. या दोहोंतील अंतर कमी कसे करावे, याचा आपण विचार करावयाचा आहे.

कायदा काय पाहतो

बोलीभाषेत आपण ज्यास नर्सिंग होम म्हणतो त्या शुश्रूषागृहांवर शासनाची देखरेख असावी, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १९२७ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचा अधिनियम केला तो त्याच धर्तीवर. बेळगाव त्या काळी मुंबई राज्यातच होते, आणि बडोदे संस्थानही त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या राज्यात विलीन झाले. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मंडळींना मध्य प्रदेशचा १९७३ चा अधिनियम परिचित असेल. त्यात नर्सिंग होमसाठी ‘उपचर्यागृह’ असा सुरेख शब्द योजिलेला आहे. कर्नाटकाने २००७ मध्ये खाजगी वैद्यकीय संस्थांचा कायदा केला. केंद्राचा यासंबंधीचा कायदा २०१० चा. आपल्या गोव्याने २०१९ मध्ये वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी व नियमन यांसाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला.

या कायद्यांचा गाभा पाहिला तर असे दिसते की, त्यांची दृष्टी मुख्यतः वास्तू, मनुष्यबळ आणि साधने यांवर आहे. १९४९ च्या अधिनियमाचेच उदाहरण घेऊ. चालक योग्य व्यक्ती आहे काय, शुश्रूषेचे काम करणाऱ्यांत प्रशिक्षित परिचारिकांचे प्रमाण पुरेसे आहे काय, प्रसूतिगृह असल्यास तेथे प्रशिक्षित सुईण आहे काय, जागा आणि उपकरणे कामास योग्य आहेत काय, असे प्रश्न तो विचारतो. नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे असेही तो सांगतो. हे सर्व आवश्यकच आहे. पायाच कच्चा असेल तर इमारतीची चर्चा व्यर्थ होय. परंतु इमारत, पदव्या आणि उपकरणे ही शुश्रूषेची सामग्री झाली. स्वयंपाकघरात भांडी, सरपण आणि धान्य असले म्हणजे पानात अन्न पडलेच असे मानता येत नाही, तसेच हे आहे.

वृद्धाश्रमांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यातील १९ व्या कलमानुसार राज्य शासनाला निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम स्थापन करता येतात, आणि जिल्ह्यात किमान १५० व्यक्तींची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा अशी त्यात कल्पना आहे. त्यांतील सेवांचा दर्जा ठरविण्याचा अधिकारही शासनाकडे दिलेला आहे. गोव्यात अशा कार्याची परंपरा याहून जुनी. प्रोव्हेदोरिया या नावाने सर्वपरिचित असलेली सार्वजनिक साहाय्य संस्था १९४७ पासूनची आहे. आणि आपल्या राज्याला या प्रश्नाची निकड इतरांहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण देशात सुमारे ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते सुमारे ११.२ टक्के होते. मुले आखातात, लिस्बनला किंवा लंडनला आणि गावच्या मोठ्या घरात दोन वृद्ध, हे चित्र आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे? अशा घरांतील म्हातारी माणसे उद्या आपल्याच संस्थांच्या दारी येणार आहेत.

त्वचा, हात आणि वाट

मग तपासणी करणाऱ्याने पाहावे तरी काय? याविषयी मी गेल्या दोन वर्षांत जाणकारांना विचारीत आलो, थोडेफार वाचन केले. त्यातून तीन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट त्वचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडणाऱ्या जखमांना शय्याव्रण म्हणतात, हे आपण जाणताच. शरीराचा भार एकाच ठिकाणी पडून राहिला की तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि मांस आतून मरू लागते. कमरेचा खालचा भाग, खुबे आणि टाचा ही त्याची नेहमीची ठिकाणे. प्रारंभी तेथे केवळ तांबूस डाग दिसतो आणि बोटाने दाबला तरी तो फिका पडत नाही. याच अवस्थेत तो ओळखला तर पुढचा अनर्थ टळतो. डोरीन नॉर्टन या इंग्लंडमधील परिचारिकेने वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ मध्ये एक साधी गुणपद्धती प्रसिद्ध केली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालण्याची शक्ती, अंथरुणात हालचाल करण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा, अशा पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे. एकूण गुण २०. ज्या रुग्णाला १४ किंवा त्याहून कमी गुण मिळतील त्याला शय्याव्रणाचा धोका आहे असे समजावे. यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि रुग्णाकडे पाहणारी नजर, एवढ्यावर काम भागते. माझ्या आईचे गुण मी पुढे स्वतः मोजून पाहिले. ते ११ भरले. दाखल झाली त्याच दिवशी कोणी ते मोजले असते, तर तिच्या खाटेपाशी धोक्याची खूण लावता आली असती.

दुसरी गोष्ट हात. १८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आले की, शवविच्छेदन करून आलेले वैद्यकीय विद्यार्थी तसेच प्रसूतीच्या कामास लागतात आणि त्यांच्या हातांवाटे बाळंतज्वर पसरतो. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या विभागात दगावणाऱ्या मातांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, ते जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. या घटनेला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतले जातात की नाही हा प्रश्न आजही विचारावाच लागतो. तपासणीच्या वेळी हात धुण्याचे कुंड दाखविले जाते. त्या कुंडाला पाणी येते काय, साबण आहे काय आणि खाटेपासून ते किती पावलांवर आहे, हे पाहिले पाहिजे. तीस पावले चालून जावे लागत असेल तर घाईच्या वेळी कोणी जाणार नाही. यात दोष हातांचा थोडा आणि बांधणीचा अधिक. याच्याच जोडीला कचऱ्याचा प्रश्न येतो. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा पिवळा, तांबडा, पांढरा आणि निळा अशा चार प्रकारांत जागच्या जागी वेगळा करावयाचा असतो आणि प्रक्रियेविना तो ४८ तासांहून अधिक काळ साठवून ठेवावयाचा नसतो. डबे रंगीत आहेत याची खात्री करणे सोपे असते; म्हणून झाकण उघडून आत काय पडले आहे, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट वाट, म्हणजे संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची वाट. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर महाराष्ट्रात भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली आणि १० बालके दगावली. ते रुग्णालय शासकीय होते, हे मी मुद्दाम सांगतो. कारण तपासणीचा विषय निघाला की खाजगी संस्थांकडेच बोट दाखविण्याची आपल्याला सवय आहे. ज्याला आपल्या पायांनी चालता येत नाही त्याच्यासाठी आगीच्या वेळी दुसऱ्या कोणाचे पाय लागतात. मग ते बाळ असो की माझ्या आईसारखी वृद्धा असो. रात्री ते पाय किती आहेत, बाहेरच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते, आणि जिन्याच्या तोंडाशी मोडक्या खाटा रचून ठेवल्या आहेत काय, हे प्रश्न अग्निशामक नळकांड्याच्या मुदतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

न कळविता येणारा पाहुणा

आता तपासणीच्या रीतीविषयी. आपल्याकडे तपासणीची तारीख बहुधा आधी कळते. मग पडदे धुतले जातात, बागेत कुंड्या येतात, रजेवरच्या परिचारिकांना बोलावून घेतले जाते आणि त्या दिवशी रुग्णांना दुपारच्या जेवणात एक पदार्थ अधिक मिळतो. लग्नघरासारखी ही लगबग आपण सर्वांनी पाहिली आहे. तीत रुग्णांचा एका दिवसापुरता लाभ होतो, हे खरे. परंतु उरलेल्या दिवसांचे काय?

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. तेथे वृद्धांच्या शुश्रूषागृहांविषयी पुष्कळ तक्रारी आल्यानंतर १९८६ मध्ये एका मान्यवर वैद्यकीय संस्थेने चौकशीचा अहवाल दिला आणि १९८७ मध्ये तेथील काँग्रेसने सुधारणेचा कायदा केला. सरकारी विमायोजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहाची तपासणी फार तर १५ महिन्यांच्या आत झालीच पाहिजे आणि ती पूर्वसूचना न देता झाली पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. तपासणीचा दिवस वा वेळ संस्थेला आगाऊ कळविणाऱ्या व्यक्तीला २,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद मूळ कायद्यातच घालण्यात आली. दुसरे असे की, तपासणी करणाऱ्यांनी कागदपत्रांवर न थांबता तेथे राहणाऱ्या वृद्धांशी बोलावे, अशी पद्धती आखली गेली. तिसरे, रुग्णाला खाटेला वा खुर्चीला बांधून ठेवण्यावर निर्बंध आले. शिस्तीसाठी किंवा सेवकांच्या सोयीसाठी कोणाला बांधता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट केले. या कायद्याने त्या देशातील सर्व दोष नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. सेवकांची टंचाई तेथेही आहे. तथापि न सांगता जाणे आणि रुग्णालाच विचारणे, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या आपल्याला उद्यापासून करता येतील.

चालकांची बाजू

येथे बसलेल्या चालकांच्या मनात एक प्रश्न निश्चित आला असेल. तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे शुश्रूषागृह चालविणे किती कठीण आहे, याची या अधिकाऱ्यांना कल्पना आहे काय? प्रत्येक खात्याचा वेगळा अर्ज, वेगळा दाखला, वेगळा निरीक्षक. आणि तपासणीच्या नावाखाली होणारा त्रास तो निराळाच. या तक्रारीत तथ्य आहे. प्रशिक्षित परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर दोन वर्षांत परदेशी जातात, आणि रात्रपाळीला दुसरी परिचारिका नेमली तर खाटेचे भाडे वाढवावे लागते, जे आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांनाच जड जाते. हा हिशेब मला समजतो.

परंतु याच कारणासाठी तपासणीचे निकष आधी छापून सर्वांच्या हाती दिले पाहिजेत, म्हणजे निरीक्षकाच्या मर्जीला वाव राहणार नाही. जे आढळले ते लेखी द्यावे, सुधारणेस मुदत द्यावी आणि मुदतीनंतर पुन्हा पाहावे. हेच निकष शासकीय रुग्णालयांना आणि शासनाच्या वृद्धाश्रमांनाही लागू असावेत. शासकीय आरोग्यसंस्थांच्या स्वच्छतेचे गुणांकन करणारी ‘कायाकल्प’ ही योजना केंद्राने २०१५ मध्ये सुरू केली, ती याच दिशेने टाकलेले पाऊल होय. आणि ज्या चालकाला रात्री दुसरी परिचारिका परवडत नसेल, त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. ज्यांची कूस बदलायला दोघी लागतात असे रुग्ण त्याने घेऊ नयेत, किंवा घेतल्यास नातेवाइकांना वस्तुस्थितीची कल्पना द्यावी. खोट्या नोंदीपेक्षा कोरा रकाना बरा. कोरा रकाना पाहिल्यावर निदान कोणी तरी विचारील की, हे काम का झाले नाही? त्या तरुण मुलीने कोरा रकाना ठेवला असता तर तिची नोकरी गेली असती, असे तिने मला नंतर सांगितले. जेथे खरे लिहिणाऱ्याची नोकरी जाते तेथे नोंदवहीवर विश्वास ठेवून तपासणी करणे म्हणजे आपणच आपली फसवणूक करून घेणे होय.

नातेवाइकांचे कर्तव्य

आता माझ्यासारख्या नातेवाइकांविषयी. आपला माणूस संस्थेत ठेवला, पैसे भरले आणि प्रमाणपत्र पाहिले, की आपले काम संपले असे आपल्याला वाटते. वस्तुतः सर्वांत जागरूक निरीक्षक आपण असावयास हवे. भेटीची वेळ रोज तीच ठेवू नये. कधी सकाळी जावे, कधी जेवणाच्या वेळी, आणि परवानगी मिळाल्यास कधी रात्री. संकोच बाजूला ठेवून पाठ, खुबे आणि टाचा पाहाव्यात. स्वतःला जमत नसेल तर परिचारिकेला दाखवावयास सांगावे. उशाशी पाण्याचा तांब्या आहे काय आणि तो हाताला पोहोचतो काय, हे पाहावे. तांब्या भरलेला असूनही म्हातारे माणूस तहानलेले राहू शकते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली तीत १७ हक्क सांगितलेले आहेत. आजाराची माहिती मिळणे, उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मिळणे, खाजगीपणा व सन्मान जपला जाणे, तक्रारीची दाद लागणे, हे त्यांत येते. ही सनद दर्शनी भागी प्रमाणपत्राच्या शेजारी मराठीत, कोकणीत आणि मोठ्या अक्षरांत लावली जावी.

मात्र हक्क मागताना सेवकांशी वागण्याची रीतही आपण सुधारली पाहिजे. आपल्या आईचे मलमूत्र जी मुलगी काढते तिला आपण ‘ए’ म्हणून हाक मारतो. तिला नाव विचारावे. ती जेवली काय, हे विचारावे. जिच्याकडे कोणी माणूस म्हणून पाहत नाही, तिने आपल्या रुग्णाला मायेने वागवावे ही अपेक्षा एकतर्फी ठरते.

चार सूचना

समारोपापूर्वी चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, प्रत्येक संस्थेने दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णाची त्वचा पहिल्याच दिवशी पाहून लेखी नोंद करावी, ती नातेवाइकांना दाखवावी आणि दर आठवड्याला पुन्हा करावी. दुसरी, तपासणीच्या नमुन्यात ‘रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रत्यक्ष हजर असलेले सेवक’ असा स्वतंत्र रकाना असावा आणि काही भेटी त्या वेळेतच व्हाव्यात. तिसरी, निरीक्षकाने निदान दोन रुग्णांशी चालकांच्या अनुपस्थितीत बोलल्यावाचून अहवालावर सही करू नये. चौथी सूचना माझ्या स्वतःच्या खात्यासाठी आहे. ‘सर्व बाबी समाधानकारक’ हे वाक्य आम्ही आमच्या प्रसिद्धिपत्रकांतून काढून टाकावे. काय पाहिले, केव्हा पाहिले आणि काय पाहिले नाही, एवढे लिहावे. मी माझ्यापुरता हा नियम गेली दोन वर्षे पाळीत आहे. त्यामुळे पत्रके थोडी लांबतात आणि वरिष्ठ कधी कधी नाराज होतात. पण वाचणाऱ्याला खरी माहिती मिळते.

आईला आम्ही घरी आणले. ताई दोन महिने आमच्याकडे राहिली. ती आणि माझी पत्नी आळीपाळीने जागत, आणि कूस बदलण्याच्या वेळी मला उठवीत, कारण त्याला दोघे लागतात हे आता आम्हाला कळले होते. जखम भरायला चार महिने लागले. पुढच्या वर्षी आई गेली. ती वयोमानाने गेली, जखमेने नव्हे, एवढेच समाधान. त्या रात्रपाळीच्या मुलीला तिने कधी दोष दिला नाही. “पोर रात्रभर धावत असायची,” असेच ती म्हणे.

मित्रहो, उद्या आपण आपापल्या संस्थेत परत जाल तेव्हा आज रात्री तेथे कोण जागे आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. निरीक्षकांनीही तो विचारावा, नातेवाइकांनीही विचारावा. त्याचे उत्तर ज्या संस्थेत नि:संकोचपणे मिळेल, तेथे माझ्यासारखा मुलगा आपल्या आईला निश्चिंतपणे ठेवू शकेल.



जय हिंद!